ऑल-व्हील घ्यावी की रिअर-व्हील?

पोट्टेहो, फोर्झा होरायझन ५ मध्ये ऑनलाइन शर्यतीत पहिल्याच वळणावर मागे पडता? इंजिन वाढवण्याआधी ताकद कोणत्या चाकांना जाते ते पाहा.

अमरावती-अकोला रस्त्यावर जून २०२२ मध्ये लोणी ते माना ७५ किलोमीटरची लेन १०५ तास ३३ मिनिटांत सलग घातली गेली, गिनीजमध्ये नोंद झाली. गेममध्ये असल्या सपाट डांबरावर रिअर-व्हील खुशाल चालवा. गाडी हलकी राहते, वळणात नाक पटकन आत येतं. पण पाऊस पडल्यावर आपल्या काळ्या मातीची काय गत होते ते ठाऊकच आहे. तसल्या ट्रॅकवर ऑल-व्हीलच. स्टार्टलाही तीच सरस. मात्र तिचं वजन वाढतं, वेगात वळताना ती बाहेर ओढते. फ्रंट-व्हील खालच्या क्लासपुरती ठीक.

आता मदतनीस. चाक घसरलं की ट्रॅक्शन कंट्रोल इंजिनाची ताकद कापतो, म्हणजे वेळ जातो. तरी कीबोर्डवाल्यांनी तो चालूच ठेवावा, कारण तिथे बटण दाबलं की थेट फुल रेस! कंट्रोलर असेल तर दुसऱ्या गिअरला ट्रिगर अर्धाच दाबायची सवय करा, मग बंद करा. एबीएसला हात लावू नका. चाकं लॉक झाली की स्टिअरिंग फिरवून उपयोग नाही. सगळ्यात आधी बंद करायचं ते स्टॅबिलिटी कंट्रोल, आणि मग गिअर मॅन्युअलवर.

नवख्यांनी ए क्लासची ऑल-व्हील घ्यावी. तुमची गाडी नि सेटिंग कॉमेंटमध्ये टाका.