मध्यरेषेच्या पलीकडे
नव्या धंदेवाल्यांना कबड्डीचे धडे

आम्ही नोकरीने कारकून. बी.कॉम. झालेलो असल्याने वस्तीतली मुले हिशेबाच्या वह्या घेऊन आमच्याकडे येतात. असाच एक तरुण एका संध्याकाळी आला. आई घरी मसाला करते आणि हा पाकिटे भरून विकतो. माल चोख, वस्तीत नावही झालेले. पण वही उघडली तर सगळी गिऱ्हाइके आपल्याच चार गल्ल्यांतली आणि निम्मा माल उधारीवर.

"काका, बंद करतो धंदा. कंपनीत कंत्राटावर लागतो," तो म्हणाला.

हा मुलगा आमच्या मंडळाच्या कबड्डी संघातला पट्टीचा चढाईपटू. आम्ही विचारले, "चढाईपटूला आपल्याच अंगणात उभे राहून गुण मिळतो का रे?" तो हसला. मग त्या रात्री उशिरापर्यंत आम्ही धंद्याचे बोललो, पण कबड्डीच्या भाषेत. ते इतरांच्याही उपयोगी पडावे म्हणून इथे मांडत आहोत.

पहिली गोष्ट रेषेची. चढाईपटूने मध्यरेषा ओलांडली एवढ्यावर भागत नाही. कोणाला स्पर्श न करता आणि निदान रेषाही न ओलांडता तो परतला तर बाद होतो. आपली मुले बाजारपेठेतल्या दुकानाच्या पायरीपर्यंत जातात आणि संकोचाने परत येतात. आत गेले पाहिजे. चढाईला ३० सेकंद मिळतात. दुकानदारही तेवढाच वेळ देतो. तेवढ्यात तीनच गोष्टी सांगाव्यात : मालात वेगळे काय, भाव काय, आणि त्याला सुटतील किती. सोबत नमुन्याची पुडी द्यावी. बोलण्यापेक्षा चव जास्त बोलते.

"काका, पाकिटावर आडनाव टाकू की नको?" त्याने मध्येच विचारले. आम्ही क्षणभर गप्प झालो. हा प्रश्न जुना आहे. परदेशातून शिकून आलेल्या बाबासाहेबांनी १९१८ साली सिडनहॅम महाविद्यालयात प्राध्यापक होण्याआधी शेअर बाजारातील व्यवहारांवर सल्ला देण्याचा व्यवसाय सुरू केला होता. सल्लागार अस्पृश्य आहे हे कळताच गिऱ्हाइके फिरकेनाशी झाली आणि तो व्यवसाय बंद पडला. खोट सल्ल्यात नव्हती, बाजाराच्या मनात होती. ती आज पुरती गेली असे आम्ही म्हणणार नाही. तरी आम्ही त्याला सांगितले, "टाक. खेळाडू पाठीवर नंबर लावूनच मैदानात उतरतो."

कोणी नाव वाचून पाकीट परत ठेवील. ती रिकामी चढाई समजावी. रिकामी चढाई म्हणजे बाद होणे नव्हे. पण लागोपाठ दोन चढाया रिकाम्या गेल्या की तिसरीत गुण मिळवावाच लागतो, नाहीतर चढाईपटू बाद. धंद्यातही दोनदा हात हलवत परतलो तर तिसऱ्यांदा त्याच पद्धतीने जाऊ नये. पाकीट लहान करावे, भाव तपासावा, दुसरी पेठ धरावी.

आता दिसण्याविषयी. कबड्डी आपला मातीतला खेळ. १९९० साली बीजिंगच्या आशियाई स्पर्धेत भारताने त्यात सुवर्णपदक मिळवले, तरी घरोघरी तो रोज पाहिला जात नव्हता. २०१४ साली प्रो कबड्डी सुरू झाली आणि मॅटवरचा, दिव्यांच्या झगमगाटातला तोच खेळ लोक टीव्हीसमोर बसून पाहू लागले. चढाई तीच, पकड तीच, मांडणी बदलली. म्हणून मसाला कितीही चांगला असला तरी तो साध्या पिशवीत बांधून देऊ नये. पाकिटावर वजन, किंमत, तारीख आणि अन्नसुरक्षा नोंदणीचा क्रमांक स्वच्छ छापलेला असावा.

चढाईइतकेच मोल पकडीला आहे. मिळालेले गिऱ्हाईक हातचे जाऊ देऊ नये. दर वेळी तीच चव, तेच वजन, ठरल्या दिवशी माल. आणि उधारीला आळा. समजा, ५० रुपयांच्या पाकिटात १० रुपये सुटतात. एक पाकीट बुडाले की पदरचे ४० रुपये गेले. ते भरून काढायला आणखी चार पाकिटे रोखीने विकावी लागतात. नात्यागोत्याला नाही म्हणणे जड जाते. पण मंडळाच्या सामन्यात आपण चुलतभावालाही पकडतोच ना?

शेवटी बोनस गुण. २०१२ च्या सरकारी खरेदी धोरणाने केंद्राची मंत्रालये, खाती आणि सार्वजनिक उपक्रम यांच्या वार्षिक खरेदीतला ४ टक्के वाटा अनुसूचित जाती-जमातींच्या सूक्ष्म व लघु उद्योजकांकडून घेण्याचे ठरवून दिले. पण बोनस रेषा ओलांडायला पलीकडे खोलवर जावे लागते. घरी बसून तो गुण मिळत नाही. उद्यम नोंदणी करावी, हिशेब नीट ठेवावा, निविदा वाचायला शिकावे. यात आमच्यासारख्या कारकुनांनी मुलांना हात दिला पाहिजे.

परवा तो तरुण पुन्हा आला. पलीकडच्या पेठेत पाच दुकाने फिरला होता. दोघांनी नाही म्हटले, एकाने नंतर बघू म्हटले, दोघांनी दहा-दहा पाकिटे घेतली. रोखीने. कंत्राटाच्या नोकरीचे नाव त्याने काढले नाही, आम्हीही काढले नाही.

वाचकहो, आपल्या घरातही असा एखादा चढाईपटू असेल. पहिल्या रिकाम्या चढाईला त्याला घरी बोलावू नका. रेषेवर उभे राहून त्याला हाक द्या.