ई-मेल सेवा निवडताना : पत्ता कोणाचा, पत्रे कोणाची?

बँक, आयकर खाते, भविष्य निर्वाह निधी, विमा आणि मुलांची शाळा या सर्वांशी होणाऱ्या व्यवहारात आज ई-मेलचा पत्ता नोंदवावा लागतो, आणि विसरलेला पासवर्ड बदलण्याचा दुवाही बहुधा याच पत्त्यावर येत असल्यामुळे हे एक खाते हातचे गेले, तर त्याच्याशी जोडलेली इतर खातीही धोक्यात येतात. इतके महत्त्व असूनही बहुतेकांनी आपली सेवा विचारपूर्वक निवडलेली नसते; नवा अँड्रॉइड फोन सुरू करताना गूगलचे खाते उघडले जाते आणि त्यासोबत जीमेलही येते. म्हणून पर्याय शोधणाऱ्याने केवळ सोयी आणि किंमत पाहून थांबू नये, तर ही सेवा उद्या सोडावी लागली तर आपला पत्ता आणि आपली पत्रे बरोबर नेता येतील का, हा प्रश्न सर्वांत आधी विचारावा.

या प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी ई-मेलची रचना समजून घेणे आवश्यक आहे. १९७१ मध्ये रे टॉमलिन्सन यांनी अर्पानेट या संगणक-जाळ्यावर पहिला ई-मेल पाठवला, आणि एका सर्व्हरकडून दुसऱ्या सर्व्हरकडे पत्र पोहोचवण्याचे एसएमटीपी हे नियम १९८२ मध्ये प्रसिद्ध झाले. हे नियम खुले आहेत, म्हणजे कोणत्याही एका कंपनीच्या मालकीचे नाहीत. त्यामुळेच व्हॉट्सॲपवरचा संदेश सहसा व्हॉट्सॲपच्याच खातेदाराला पाठवता येत असला, तरी जीमेलवरून लिहिलेले पत्र रेडिफमेलवर किंवा झोहोवर विनासायास पोहोचते. पत्रे साठवणारी आणि त्यांची ने-आण करणारी कंपनी ही सेवा होय, तर ती पत्रे वाचण्या-लिहिण्यासाठी वापरलेले ॲप किंवा सॉफ्टवेअर म्हणजे क्लायंट. या दोन गोष्टी स्वतंत्र असल्यामुळे सेवा न बदलता केवळ क्लायंट बदलणे शक्य असते, आणि अनेकांची गरज तेवढ्यानेच भागते.

थंडरबर्ड हा मोझिला परिवारातील मोफत क्लायंट त्याचे उत्तम उदाहरण आहे. २००४ मध्ये त्याची पहिली पूर्ण आवृत्ती आली आणि २०२४ पासून तो अँड्रॉइड फोनवरही उपलब्ध आहे. त्यात आयमॅप नावाच्या पद्धतीने खाते जोडले, की पत्रे सर्व्हरवरच राहतात आणि प्रत्येक उपकरणावर सारखीच दिसतात. पॉप ही जुनी पद्धत मात्र पत्रे संगणकावर उतरवून घेते आणि अनेकदा सर्व्हरवरून काढूनही टाकते. थंडरबर्डमध्ये जुने आणि नवे अशी दोन्ही खाती आयमॅपने जोडून जुन्या खात्यातील फोल्डर माउसने ओढून नव्या खात्यावर सोडला, की त्यातील पत्रे, जोडलेल्या फायलींसह, नव्या सेवेकडे जातात. म्हणून एखाद्या सेवेत आयमॅपची सोय आहे का, हे आधीच तपासून घ्यावे.

गोपनीयता हे सेवा बदलण्याचे एक प्रबळ कारण आहे. वैयक्तिक जाहिरातींसाठी जीमेलमधील मजकूर तपासणे थांबवण्याची घोषणा गूगलने २०१७ मध्ये केली. तरीही स्पॅम ओळखण्यासाठी आणि शोधाच्या सोयीसाठी त्या मजकुरावर कंपनीची यंत्रणा काम करतेच. स्वित्झर्लंडमधील प्रोटॉन आणि जर्मनीतील टुटा या सेवा साठवलेली पत्रे अशा रीतीने कूटबद्ध करतात, की ती कंपनीलाही वाचता येत नाहीत. मात्र या संरक्षणाला मर्यादा आहेत. साधे पत्र जीमेलच्या खातेदाराला पाठवले, तर त्याची प्रत गूगलच्या सर्व्हरवर वाचनीय स्वरूपातच राहते. शिवाय २०२१ मध्ये स्विस अधिकाऱ्यांच्या आदेशावरून प्रोटॉनला एका फ्रेंच पर्यावरण कार्यकर्त्याच्या खात्याचा आयपी पत्ता, म्हणजे इंटरनेट-जोडणीचा क्रमांक, द्यावा लागला होता, जरी पत्रांचा मजकूर सुरक्षित राहिला. टुटामध्ये आयमॅप नाही, आणि प्रोटॉनमध्ये त्यासाठी ब्रिज हे जोड-सॉफ्टवेअर व सशुल्क योजना लागते. अधिक गोपनीयतेसाठी क्लायंट निवडण्याचे स्वातंत्र्य असे काही प्रमाणात सोडावे लागते. भारतीय पर्याय हवा असणाऱ्यांसाठी चेन्नईची झोहो मेल आहे, आणि केंद्र सरकारनेही आपल्या कर्मचाऱ्यांच्या ई-मेलसाठी झोहोची यंत्रणा स्वीकारली आहे.

पत्रे हलवता आली, तरी पत्त्याचा प्रश्न उरतोच. २०११ पासून देशभर मोबाइल क्रमांक न बदलता कंपनी बदलता येते. ई-मेलमध्ये मात्र @ या चिन्हापुढचे नाव, म्हणजे डोमेन, कंपनीचे असल्यामुळे कंपनी सोडली की पत्ताही सुटतो. यावरचा पक्का उपाय म्हणजे स्वतःच्या नावाचे डोमेन वार्षिक शुल्क भरून नोंदवणे. त्या डोमेनची पत्रे कोणत्या सर्व्हरकडे जावीत हे एमएक्स या नोंदीत लिहिलेले असते. सेवा बदलताना ती नोंद बदलली, की पत्ता तोच राहून पत्रे नव्या ठिकाणी येऊ लागतात. डोमेनचे नूतनीकरण चुकवता कामा नये, कारण मुदत संपल्यावर ते दुसऱ्या कोणी घेतले, तर पुढची पत्रे त्याच्या हाती पडतील. लहान व्यावसायिक, वकील, डॉक्टर आणि संस्था यांनी हा खर्च जरूर करावा.

बदल करताना घाई करू नये. आधी जुन्या पत्रांची प्रत संगणकावर उतरवून घ्यावी, मग बँक आणि सरकारी नोंदींमधील पत्ता बदलावा, आणि जुन्या खात्यावर येणारी पत्रे निदान वर्षभर नव्या पत्त्याकडे वळवावीत. दोन वर्षे न वापरलेले वैयक्तिक खाते पुसून टाकण्याचे धोरण गूगलने २०२३ मध्ये जाहीर केले असल्याने जुन्या खात्यात अधूनमधून प्रवेश करणेही आवश्यक आहे. कोणतीही सेवा सर्वांसाठी सर्वोत्तम नसते. परंतु आयमॅपची सोय, पत्रांची स्वतःजवळची प्रत आणि शक्य असल्यास स्वतःचे डोमेन एवढे ज्याच्यापाशी आहे, त्याची निवड चुकली तरी ती दुरुस्त करणे त्याच्याच हाती राहते.