ट्रॉली ओढणारी पिकअप : पाटा वाढवण्याआधी काटा करा

ठाणे, मुंब्रा-कौसा, भिवंडी, कल्याण आणि डोंबिवली या पट्ट्यात आपल्या अनेक बांधवांची रोजी-रोटी एखाद्या पिकअपवर किंवा टेम्पोवर अवलंबून आहे. कुणी भिवंडीहून कापडाचे तागे नेतो, कुणी उल्हासनगरहून फर्निचर, कुणी डोंबिवलीच्या एम.आय.डी.सी.तून पत्रा आणि लोखंड. या नेहमीच्या वाहतुकीखेरीज आणखी एक प्रकार आपल्या रस्त्यांवर सर्रास दिसतो. तो म्हणजे पिकअपच्या मागे यंत्र जोडून ओढत नेण्याचा. मंडप-डेकोरेशनवाल्याचा जनरेटर, स्लॅबच्या ठेकेदाराचा मिक्सर, रस्ता फोडणाऱ्याचा कॉम्प्रेसर, फॅब्रिकेशनवाल्याचा वेल्डिंग सेट. ही यंत्रे बहुधा दोन चाकांच्या ट्रॉलीवर बसवलेली असतात. पुढे लोखंडी दांडा असतो. तो पिकअपच्या हुकात अडकवला, पिन मारली की गाडी कामावर निघते.

दांडा हुकात पडला की पिकअपचे बूड खाली बसते आणि तोंड वर येते. मग मालक कमानीवाल्याकडे जातो आणि म्हणतो, उस्ताद, मागे एक पाटा वाढवून द्या. पाटा पडतो, गाडी सरळ दिसू लागते, मालक समाधानाने घरी जातो. पण गाडी सरळ दिसणे आणि गाडीचे वजन चाकांवर योग्य वाटले जाणे या दोन अगदी वेगळ्या गोष्टी आहेत. पाटा पहिली गोष्ट करतो, दुसरी करत नाही. हा फरक ध्यानात न घेतल्यामुळे लोक पैसे खर्च करून धोका विकत घेतात.

कारखान्याने मागची बाजू उंच का ठेवली?

माल वाहण्यासाठी बनवलेली पिकअप रिकामी असताना मागून थोडी उंच आणि पुढून थोडी वाकलेली उभी राहते. हा दोष नव्हे. माल भरल्यावर मागची कमान दबणार हे धरूनच ती तशी बनवलेली असते. भरलेली गाडी सरळ व्हावी, हा त्यामागचा विचार. आता काही हौशी मालक रिकामी गाडी सरळ दिसावी म्हणून पुढे स्पेसर टाकून तोंड उचलून घेतात. रिकामी असताना ती रुबाबदार दिसते यात शंका नाही. पण दबण्यासाठी राखलेली जागा आता हिशेबातून गेली. अशी गाडी मालाने भरली आणि वर ट्रॉली लावली की बूड खाली जाते, तोंड आकाशाकडे जाते आणि रात्री हेडलाइट समोरून येणाऱ्याच्या डोळ्यांत जातो. मग ती सरळ करण्यासाठी मागे पाटा, मागे पाटा टाकल्यावर पुन्हा पुढे स्पेसर, असे चक्र सुरू होते.

थोडा हिशेब

हिशेब सोपा आहे, तराजूच्या दांडीचाच आहे. समजा, पिकअपच्या पुढच्या आणि मागच्या चाकांत १० फुटांचे अंतर आहे आणि हुक मागच्या चाकांच्या ४ फूट मागे आहे. ट्रॉलीसकट जनरेटरचे वजन १,५०० किलो आहे आणि त्यातले १५० किलो दांड्यातून हुकावर पडते. आता मागचा एक्सल हा तराजूचा मध्य झाला. मागे ४ फुटांवर १५० किलो ठेवले, तर पुढच्या चाकांवरून ६० किलो उचलले जाते आणि मागच्या चाकांवर १५० नव्हे, २१० किलो वाढते. हुकावर ३०० किलो पडले, तर पुढून १२० किलो जाते आणि मागे ४२० किलो वाढते.

मागे पाटा वाढवून किंवा कमानीखाली ठोकळा टाकून गाडी चार बोटे उचलली, तरी या आकड्यांत जवळपास काहीच फरक पडत नाही. वजन जिथे होते तिथेच राहिले, फक्त डोळ्यांना दिसेनासे झाले. हवेच्या पिशव्या बसवल्या तरी गोष्ट तीच. अमेरिकेत जड ट्रेलर ओढणारे लोक एक वेगळा हुक वापरतात. त्याला दोन्ही बाजूंना स्प्रिंगच्या दांड्या असतात आणि त्या ताणल्या की हुकावरचे काही वजन खरोखर पुढच्या चाकांकडे व ट्रॉलीच्या चाकांकडे जाते. आपल्याकडच्या पिन आणि कडीच्या हुकाला तशी सोय नाही. मग आपल्या हाती काय उरते? माल कुठे ठेवायचा, हे ठरवणे.

याच गाडीच्या हौद्यात १,००० किलो माल आहे असे धरू. त्या मालाचा मध्य मागच्या एक्सलच्या १ फूट पुढे असेल, तर पुढच्या चाकांवर १०० किलो जास्त पडते. तोच माल फाळक्याकडे सरकून त्याचा मध्य एक्सलच्या १ फूट मागे गेला, तर पुढून १०० किलो उचलले जाते. म्हणजे दोन फुटांच्या सरकण्याने पुढच्या चाकांचा २०० किलोंचा फरक! हुकाने घेतलेल्या ६० किलोंची भरपाई केबिनच्या पाठीला टेकवून भरलेला माल सहज करतो आणि वर ४० किलो शिल्लक टाकतो. हमाल नेहमी उतरवायला सोपे म्हणून जड वस्तू फाळक्याजवळ ठेवतात. मालकाने तिथे उभे राहून जड माल आधी आत, केबिनला लावून ठेवून घेतला, तर एका पाट्याची किंमत वाचते.

पुढची चाके हलकी पडल्याचा अर्थ चालकाला वेगळा सांगायला नको. स्टिअरिंग पाण्यात असल्यासारखे लागते, पावसात वळणावर गाडी सरळच जाऊ पाहते आणि ब्रेक मारल्यावर पुढची चाके लवकर घसरतात. मुंब्रा बायपासच्या उतारावर किंवा घोडबंदर रस्त्यावरच्या गायमुख घाटात याचा अनुभव येतो.

सरळ दिसणारी गाडी जास्त धोक्याची

याच्या उलटही एक प्रकार आहे आणि तो अधिक वाईट आहे. ट्रॉलीवरचे वजन चाकांच्या मागे गेले की दांडा वर उचलू पाहतो. तो पिकअपच्या बुडाला खालून आधार देतो, त्यामुळे गाडी छान सरळ उभी दिसते. बघणारा म्हणतो, किती सुंदर बॅलन्स आहे! परंतु अशीच ट्रॉली वेगात शेपटी मारते. एकूण वजनाचा साधारण १० ते १५ टक्के भाग हुकावर हवा, असा जगभरचा ठोकताळा आहे. त्याहून फार कमी झाले तर ट्रॉली डोलते, फार जास्त झाले तर पिकअपचे तोंड उचलते.

इथेच उंच केलेल्या पिकअपचा संबंध येतो. गाडी उचलली की हुकही वर गेला. मग दांडा पुढून वर आणि ट्रॉली मागे झुकलेली. टाकीतले डिझेल, मिक्सरच्या ड्रममध्ये राहिलेले पाणी, ट्रॉलीवर टाकलेल्या केबल सगळे मागे सरकते आणि हुकावरचे वजन घटते. ट्रॉली जमिनीशी सपाट चालली पाहिजे, फार तर पुढून किंचित खाली. त्यासाठी पाटा नव्हे, हुक खाली घ्यावा लागतो. हुकाची प्लेट चेसिसच्या दोन्ही बाजूंना बोल्टने आवळलेली असावी. बंपरला वेल्डिंग करून लटकवलेला हुक एखाद्या खड्ड्यात सगळे वजन घेऊन सुटतो. पिनला लॉक आणि दांड्याखालून दोन साखळ्या एकमेकींना छेद देऊन बांधलेल्या असल्या, तर पिन गेली तरी दांडा रस्त्यावर आपटत नाही.

कल्याण-शीळ रस्त्यावर वाहतूक कोंडीत ४० च्या वेगाने जाताना ट्रॉलीचा हा दोष कळतच नाही. मोकळ्या रस्त्यावर कळतो. ५ जून २०२५ रोजी इगतपुरी ते आमणे हा ७६ किलोमीटरचा शेवटचा टप्पा खुला झाला आणि समृद्धी महामार्ग थेट भिवंडी तालुक्यात येऊन पोचला. नाशिककडे जाणाऱ्याचा कसारा घाट टळला, हे उत्तमच झाले. पण ज्या गाडीने कधी ५० ओलांडले नव्हते तिचा काटा आता नकळत ८० कडे जातो. ट्रॉली डोलू लागली, तर घाबरून जोराचा ब्रेक मारू नये आणि स्टिअरिंग उलटसुलट फिरवू नये. ॲक्सिलरेटरवरून पाय काढावा, स्टिअरिंग सरळ घट्ट धरावे आणि गाडी आपोआप मंद होऊ द्यावी. मग बाजूला घेऊन माल पुढे सरकवावा. तसेच पुढे रेटू नये.

काटा कसा करावा

भिवंडी-कल्याण भागात वजनकाट्यांची वाण नाही. आधी रिकाम्या पिकअपची फक्त पुढची चाके काट्यावर घेऊन आकडा लिहून ठेवावा. हा आपला मूळ आकडा. मग माल भरून, ट्रॉली न लावता, पुढची चाके आणि नंतर चारही चाके. शेवटी ट्रॉली लावून पुन्हा तसेच, मात्र ट्रॉलीची चाके काट्याच्या बाहेर ठेवायची. चार चाकांच्या दोन आकड्यांतला फरक म्हणजे हुकावरचे वजन. सगळा साज चढवल्यावर पुढच्या चाकांचा आकडा मूळ आकड्याच्या खाली गेला, तर माल पुढे सरकवावा किंवा कमी करावा. माझ्या मते कामचलाऊ नियम म्हणून एवढा पुरे आहे.

काट्यावर जायला सवड नसेल, तर भंगारवाल्याचा जमिनीवरचा काटा घ्यावा. ट्रॉली सपाट जागेवर उभी करून तिच्या चाकांना दगड लावावेत आणि काट्यावर लाकडी ठोकळा ठेवून हुकाच्या उंचीला दांडा त्यावर टेकवावा. हुकावर किती येते ते तिथेच कळते. घरच्या घरी करायचे तर टेप घेऊन चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंत पुढचे माप रिकामे असताना आणि भरल्यावर घ्यावे. भरल्यावर पुढचे माप वाढले असेल, तर पुढची चाके हलकी झाली आहेत. मागे कितीही पाटे टाका, हे माप खोटे बोलत नाही.

कमानीवाल्या बांधवांसाठी

पाटा कधीच वाढवू नये असे नाही. जुनी कमान थकली असेल, सेंटर बोल्ट तुटला असेल, शॅकलचे बुश खाल्ले गेले असतील, तर काम करायलाच हवे. नेहमी ठरावीक जड माल नेणाऱ्याला हेल्पर पाट्याचा उपयोगही होतो, पण गाडीच्या ठरलेल्या क्षमतेच्या आत. क्षमता कमानीवर एकटीवर ठरत नाही. एक्सल, बेअरिंग, टायर, चेसिस आणि ब्रेक हे सगळे त्यात येतात आणि नव्या पाट्याने यातले काहीच जाड होत नाही.

शिवाय एक गोष्ट पुष्कळांच्या नजरेतून सुटते. काही गाड्यांच्या मागच्या एक्सलजवळ ब्रेकचा एक व्हॉल्व्ह असतो. त्याचा दांडा एक्सलला जोडलेला असतो. गाडी मालाने दबली की तो मागच्या चाकांना जास्त ब्रेक देतो, गाडी उंच असली की कमी. पाटा वाढवून गाडी उचलली की भरलेली गाडीसुद्धा त्याला रिकामी वाटते. म्हणजे मागे वजन जास्त आणि ब्रेक कमी. मिक्सरच्या ट्रॉलीला बहुधा स्वतःचा ब्रेक नसतो, तेव्हा उतारावर मागून ढकलणारे वजनही पिकअपलाच आवरायचे असते. पाटा टाकला तर त्या व्हॉल्व्हचा दांडा कंपनीच्या मापाने पुन्हा लावून घ्यावा. तसेच नवे यू-बोल्ट माल भरून थोडे चालल्यावर पुन्हा आवळून द्यावेत.

आणि गिऱ्हाइकाने पाटा मागितला की आधी एकच प्रश्न विचारावा, चाचा, माल कुठे भरता आणि हुकावर किती येते? हुकाची उंची लावून देणे, साखळ्या बसवणे, ब्रेकचा दांडा तपासणे या कामांचेही पैसे मिळतात आणि ती हलाल मेहनतीची कामे आहेत. दुसऱ्याचा माल आणि चालकाचा जीव ही आपल्याकडे अमानत असते.

कागदपत्रांचे थोडे

आर.सी.वर लिहिलेले एकूण वजन पाटा वाढवल्याने वाढत नाही. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम १९४ मध्ये २०१९ साली दुरुस्ती झाली. जादा वजनाला २० हजार रुपये, वर प्रत्येक जादा टनाला २ हजार रुपये आणि जादा माल उतरवण्याचा खर्च, अशी आता तरतूद आहे. कायद्याने परवानगी नसलेला फेरबदल गाडीत केल्यास कलम १८२-अ खाली मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे ५ हजार रुपये दंड किंवा दोन्ही होऊ शकते. ओढली जाणारी ट्रॉली हेही कायद्याच्या भाषेत वाहनच आहे. तिच्या नोंदणीचे आणि विम्याचे काय, हे आर.टी.ओ. आणि विमा एजंट यांना अपघाताआधी विचारावे. अपघातानंतर हाच प्रश्न विमा कंपनी आपल्याला विचारते.

मागच्या टायरची हवा भरलेल्या गाडीच्या मापाची ठेवावी. ट्रॉलीचे टायर वर्षातून आठ महिने एका जागी उभे राहून चिरलेले असतात, ते लग्नसराई सुरू होण्यापूर्वीच बघून घ्यावेत. काट्याच्या चिठ्ठ्या केबिनमध्ये ठेवाव्यात, म्हणजे नवा चालक आला तरी माल कुठवर भरायचा हे त्याला सांगता येते.