वसईच्या घंटा

आमच्या सोसायटीतले एक काका गेल्या वर्षी मुलीकडे इंग्लंडला जाऊन आले. परतल्यावर त्यांनी सॉल्झबरीचे फोटो दाखवले. १२३ मीटर उंच सुळका असलेलं कॅथीड्रल, त्याच्याभोवती जुनं शहर, शहर संपलं की लगेच नदी, कुरणं आणि मेंढ्या. त्या कॅथीड्रलमध्ये १३८६ च्या सुमाराचं एक घड्याळ आहे. त्याला तबकडी नाही की काटे नाहीत. वेळ झाली की ते घंटेवर टोल द्यायचं, बस. ऐकून शहरानं कामाला लागायचं. काकांनी हे सांगितलं आणि मला त्या घड्याळाचं वेडच लागलं.

संपादकांशी बोलताना मी हे सहज बोलून गेलो. ते म्हणाले, "सॉल्झबरीला तुम्हाला पाठवणं आम्हाला परवडणार नाही. असं शहर आपल्याकडे कुठे असेल, तर सांगा." मी म्हटलं, वसई.

आमचं कोपरखैरणे सिडकोनं आखलेलं. आगरी-कोळ्यांची जुनी गावठाणं सोडली तर इथल्या बहुतेक भिंती वयानं माझ्यापेक्षा लहान आहेत. पण ज्या ठाणे खाडीच्या काठी आम्ही राहतो, ती वर ठाण्यापाशी एका चिंचोळ्या वाटेनं उल्हास नदीला मिळते, आणि उल्हासचं पाणी पुढे वसईच्या खाडीतून समुद्रात जातं. म्हणजे पाण्यानं आम्ही शेजारीच. लोकलनं मात्र कोपरखैरण्याहून ठाणे, ठाण्याहून दादर, दादरहून वसई रोड आणि पुढे रिक्षा, असा अर्धा दिवस जातो.

इतिहास थोडक्यात सांगतो. १५३४ मध्ये गुजरातच्या बहादूरशहानं वसई पोर्तुगिजांना दिली. पुढची दोनशे वर्षं त्यांच्या उत्तरेकडच्या मुलखाचा कारभार इथून चालला. सुमारे ११० एकरांचा, बुरुजांचा किल्ला, आत घरं, मठ आणि चर्चं. १७३९ च्या मे महिन्यात चिमाजी अप्पांनी तो जिंकला. १७८० मध्ये इंग्रज आले, आणि १८०२ च्या शेवटच्या दिवशी दुसऱ्या बाजीरावानं ज्या तहावर सही केली, तोही वसईचाच.

किल्ल्यात शिरल्यावर मी सरळ संत जोसेफच्या चर्चकडे गेलो. लोक त्याला कॅथीड्रल म्हणतात. खरं तर ते 'मात्रीझ', म्हणजे शहराची माउली म्हणावी असं मुख्य चर्च होतं. कॅथीड्रल म्हणजे जिथे बिशपचं आसन असतं ते चर्च, आणि वसईला तो मान मिळाला १९९८ मध्ये. त्या वर्षी मुंबईपासून वेगळा वसई धर्मप्रांत झाला आणि किल्ल्याबाहेरचं पापडीचं चर्च कॅथीड्रल ठरलं. किल्ल्यातलं चर्च १६०१ मध्ये, गोव्याचे आर्चबिशप आलेइशो द मेनेझिस यांच्या काळात, नव्यानं बांधलं गेलं. आज छप्पर नाही, वेदीवर ऊन पडतं. मनोरा मात्र उभा आहे. खाली थांबून मी बराच वेळ वर पाहत राहिलो. वरच्या कमानी मोकळ्या आहेत. त्यांतून आभाळ दिसतं, पोपट ये-जा करतात.

त्या कमानी रिकाम्या का, हे मराठी माणसाला सांगायला नको. वसईच्या चर्चांच्या घंटा मराठ्यांनी विजयाची खूण म्हणून नेल्या आणि देवळांना वाहिल्या. भीमाशंकरला एक आहे. वाईजवळ मेणवलीला, नाना फडणविसांच्या वाड्यामागे कृष्णेच्या घाटावर एक आहे. तिच्यावर १७०७ साल आहे आणि बाळ येशूला घेतलेली मारिया आहे. नाशिकला गोदावरीकाठी नारोशंकराच्या देवळातली १७२१ ची घंटा तर इतकी प्रसिद्ध, की देवळाआधी लोकांच्या तोंडी घंटेचं नाव येतं. पुराचं पाणी दुतोंड्या मारुतीच्या कुठवर आलं हे जसं नाशिककर बघतात, तसंच घंटेला पाणी लागलं का, हेही विचारतात. एका धर्माच्या मनोऱ्यातून उतरलेली वस्तू दुसऱ्या धर्माच्या दारात अडीचशेहून अधिक वर्षं वाजते आहे, आणि तिच्यावरची मारिया कुणी घासून काढलेली नाही. मला या गोष्टीचा फार अभिमान वाटतो.

घंटा कशी वाजते हे नीट समजून घ्यावं म्हणून मी किल्ल्याबाहेरच्या वाड्यांमधल्या एका चर्चमध्ये गेलो. तिथे घंटा वाजवणारे एक वयस्कर काका भेटले. नाव छापू नका म्हणाले, म्हणून छापत नाही. सकाळी, दुपारी आणि संध्याकाळी प्रार्थनेची घंटा, मिस्साआधीची घंटा, आणि कुणी गेलं की थांबत थांबत दिली जाणारी मयताची घंटा. चाळीसेक वर्षं हे काम त्यांच्याकडे आहे. शेती सांभाळून.

मला वाटत होतं, दोर ओढला की घंटा वाजते. काका हसले नाहीत, पण त्यांनी दोर माझ्या हातात दिला. मी ओढला. वर काहीतरी करकरलं, आवाज आला नाही. परत ओढला, तर घंटेनं दोर असा वर खेचला की माझ्या टाचा उचलल्या गेल्या. "ओढायचा नसतो," ते म्हणाले, "सोडायचा असतो. घंटा परत जायला निघाली की तिला जाऊ द्यायचं. झोपाळ्यावरच्या पोरासारखं."

तेव्हा कुठे मला तो फरक कळला. देवळात घंटा स्थिर असते. ती साखळीनं किंवा आकड्यानं तुळईला टांगलेली असते आणि आपण आतला लोलक हलवतो. या चर्चमध्ये उलट. लाकडी ओंडक्याला घट्ट बांधलेली घंटा ओंडक्यासकट झुलते आणि लोलक मागाहून येऊन तिच्या काठावर आपटतो. इंग्लंडच्या चर्चांमध्ये तर चाकाला बांधलेली घंटा पूर्ण एक फेरी घेते. झुलत्या घंटेचा आवाज त्यामुळे जवळ येतो, लांब जातो, परत येतो. मेणवलीची घंटा घडली तेव्हा तिच्या नशिबी बहुधा असं झुलणं होतं. आता ती एका जागी थांबून टोला घेते.

घंटेचा धातू म्हणजे कासं. चार भाग तांब्याला साधारण एक भाग कथील. कथील वाढवलं तर नाद लांब चालतो, पण धातू काचेसारखा ठिसूळ होतो. म्हणून मोठी घंटा दिसते राक्षसासारखी आणि तिला जपावं लागतं मडक्यासारखं. काकांनी मला काठाच्या आतली एक चकचकीत खळगी दाखवली. लोलक वर्षानुवर्षं एकाच ठिकाणी पडला की तिथलं कासं झिजतं. मग घंटा उतरवून थोडी फिरवून पुन्हा टांगायची, म्हणजे टोला नव्या जागी पडतो. त्यांनी हे त्यांच्या काळात एकदा केलं आहे. आठ जण लागले होते, साखळ्या, कप्पी आणि एक पूर्ण दिवस.

दोराबद्दल ते फार मायेनं बोलले. पूर्वीचा काथ्याचा दोर पावसात भिजून आखडायचा. आषाढात त्याची गाठ छातीच्या उंचीवर यायची, चैत्रात मांडीपर्यंत उतरायची. नायलॉनचा ऋतू ओळखत नाही, शिवाय हातातून सरकतो. समुद्राची खारी हवा खिळे आणि बिजागऱ्या खाते. दर पावसाळ्याआधी ते वर चढून वंगण घालतात. आता गुडघे साथ देत नाहीत.

मी विचारलं, तुमच्यानंतर कोण? ते वाडीकडे बघत राहिले.

त्या वाडीबद्दल लिहिल्याशिवाय हा लेख पुरा होणार नाही, कारण घंटा ऐकायची ती वाडीनं. वसईचं हे हिरवं रान म्हणजे केळीच्या बागा, पानवेली, फुलझाडं आणि भाजीचे वाफे. राजेळी केळ्यांची सुकेळी इथलीच. सामवेदी आणि वाडवळ बोली बोलणारी, मिस्सा मराठीत ऐकणारी ही माणसं. या सगळ्याचा प्राण म्हणजे बावखल. पावसाचं गोडं पाणी साठवणारी ही तळी जमिनीतल्या गोड्या पाण्याचा दाब टिकवून समुद्राचं खारं पाणी विहिरींपासून लांब ठेवतात. टँकरनं पाणी उपसलं गेलं, बावखलं बुजवून इमारती झाल्या, आणि गोड्या विहिरी मचूळ होऊ लागल्या. ऐंशीच्या दशकाच्या अखेरीपासून हरित वसईच्या चळवळीनं याविरुद्ध लढा दिला. त्यात पुढे होते फादर फ्रान्सिस दिब्रिटो, 'सुवार्ता' मासिकाचे संपादक आणि २०२० च्या उस्मानाबाद साहित्य संमेलनाचे अध्यक्ष. २०२४ च्या जुलैमध्ये ते गेले.

सॉल्झबरीची कुरणं कॅथीड्रलच्या पायथ्याशी अजून मोकळी आहेत, आणि सुळक्याचं चित्र काढणारे पिढ्यान्‌पिढ्या तिथेच उभे राहत आले. वसईत चर्चच्या मनोऱ्याला चौथ्या-पाचव्या मजल्याच्या गॅलऱ्या भिडू लागल्या आहेत. काका म्हणाले, पूर्वी वारा असेल तसा आवाज शेतं ओलांडून जायचा, माणसं खुरपं ठेवून उभी राहायची. आता तो पहिल्या इमारतीवर आपटून परत येतो. पहाटेच्या घंटेनं झोपमोड होते असं नवे रहिवासी सांगू लागलेत, तेव्हा तीही हलक्या हातानं द्यावी लागते. विजेवर चालणारा हातोडा बसवायचं घाटतं आहे. तो बसला तर घंटा झुलणार नाही, उभ्या जागी मार खाईल. घंटा फिरवायला आठ माणसं मिळणं तर आजच कठीण आहे.

किल्ल्यातल्या भिंतींतून पिंपळ उगवले आहेत. त्यांची मुळं चुन्याच्या दरजा फोडत आत शिरतात. पुरातत्त्व खात्यानं काही भागांची डागडुजी केली आहे. पण वास्तूच्या देखभालीला कायदा आहे, आवाजाच्या देखभालीला नाही. आणि वसईचा आवाज तर वसईत नाहीच. तो भीमाशंकरच्या धुक्यात आहे, मेणवलीच्या घाटावर आहे, गोदावरीच्या काठी आहे, आणि तिथे रोज येणारा प्रत्येक भाविक घंटेच्या एकाच जागी एक टोला घालतो आहे.

निघताना मी काकांना या घंटांबद्दल सांगितलं. मेणवलीच्या मारियेबद्दल सांगितलं. ते कधी तिकडे गेलेले नाहीत. थोडा वेळ गप्प राहिले, मग एवढंच म्हणाले, "तिथल्या लोकांना एक सांगा. लोलक मारला की लगेच सोडा. काठाला धरून ठेवला तर घंटा तडकते."

तेच सांगायला हा लेख लिहिला. तुमच्या गावच्या देवळात मोठी जुनी घंटा असेल, तर पुढच्या खेपेला तिच्या पोटावरून हात फिरवून बघा. अक्षरं लागली, क्रूस लागला, साल लागलं, तर फोटो काढून पुजारीबुवांना दाखवा आणि गावात कुणाकडे तरी टिपून ठेवा. काठाच्या आत खळगी पडली असेल तर विश्वस्तांना सांगा, घंटा थोडी फिरवून टांगता येते. आणि वाजवताना लोलक हातात धरून ठेवू नका. एक टोला द्या, आणि सोडा.