एकोणसाठाव्या वर्षी उघडलेली वही

वयाचा आकडा शून्यावर येतो त्या दिवशी शरीरात किंवा बुद्धीत वेगळे असे काहीच घडत नाही. चाळिशी, पन्नाशी, साठी हे टप्पे दहा बोटांवर मोजणाऱ्या माणसाने स्वतःच्या सोयीसाठी पाडलेले असून, तपाच्या हिशेबाने, म्हणजे बारा वर्षांचा एक टप्पा धरून, मोजण्याची सवय पक्की झाली असती तर हीच घालमेल छत्तिसाव्या आणि अठ्ठेचाळिसाव्या वर्षी झाली असती. तरीही असा वाढदिवस जवळ आला की विशी-पंचविशीत ठरवलेल्या गोष्टी आठवू लागतात, त्यांतल्या किती झाल्या आणि किती राहिल्या याची मोजदाद सुरू होते, आणि ती बहुधा उधारीच्या वहीसारखी होते, म्हणजे जमेची पाने भराभर उलटली जातात आणि नजर थकबाकीवर खिळून राहते.

या ओढीचा अभ्यास झालेला आहे. ॲडम ऑल्टर आणि हॅल हर्शफील्ड या अमेरिकेतील संशोधकांनी २०१४ मध्ये असे मांडले की ज्यांच्या वयाच्या शेवटी नऊ येतो, अशी एकोणतीस, एकोणचाळीस, एकोणपन्नास किंवा एकोणसाठ वर्षांची माणसे आयुष्याच्या अर्थाचा विचार इतरांपेक्षा अधिक करतात. पहिल्यांदाच मॅरेथॉन, म्हणजे ४२.१९५ किलोमीटरची शर्यत, धावणाऱ्यांमध्ये या वयाच्या लोकांचे प्रमाण अपेक्षेपेक्षा ४८ टक्क्यांनी जास्त असल्याचे त्यांनी दाखवले. पुढच्याच वर्षी एरिक लार्सन यांनी या निष्कर्षांवर आक्षेप घेतले, त्यामुळे हा आकडा जपूनच वापरलेला बरा. महाराष्ट्रात तर दशकाच्या आकड्याला आणखी एक वाटेकरी आहे, कारण राज्य शासनाच्या बहुतेक कर्मचाऱ्यांना ५८व्या वर्षी निवृत्त व्हावे लागते, आणि टेबलाचे खण रिकामे करण्याचे दिवस व साठीचे वेध एकमेकांत मिसळून जातात.

परंपरेने मात्र हे टप्पे निराळ्या मापाने मोजले. पन्नासाव्या वर्षीची वैष्णवी, साठाव्या वर्षीची उग्ररथ, सत्तराव्या वर्षीची भैमरथी अशा ज्या वयोवस्था शांती सांगितल्या आहेत, त्यांपैकी साठीशांतीमागे आकाशाचा हिशेब आहे: गुरूला सूर्याभोवती एक फेरी करण्यास सुमारे बारा आणि शनीला सुमारे तीस वर्षे लागतात, म्हणून साठ वर्षांत गुरूच्या पाच आणि शनीच्या दोन फेऱ्या होतात, आणि प्रभवपासून क्षयपर्यंतचे साठ संवत्सरांचे चक्रही तेव्हाच पुरे होते. शके १८८७ मध्ये, म्हणजे १९६५च्या पाडव्यानंतरच्या वर्षात, जन्मलेल्यांचे विश्वावसु संवत्सर शके १९४७ मध्ये पुन्हा आले ते याच चक्रामुळे. सहस्रचंद्रदर्शनाचे गणित तर याहून साधे आहे. दोन पौर्णिमांमध्ये सरासरी २९.५३ दिवस जातात, त्या हिशेबाने हजार पौर्णिमांना ऐंशी वर्षे आणि सुमारे दहा महिने लागतात. या विधीत माणसाने काय मिळवले हे कोणी विचारत नाही, त्याने किती चंद्र पाहिले एवढेच मोजले जाते, आणि पौर्णिमेला ढग आले होते की नाही याचीही चौकशी होत नाही.

जुनी ध्येये ज्या रूपात सापडतात ते रूपही पाहण्यासारखे असते. एखाद्या बँकेकडून भेट मिळालेल्या रेक्झिनच्या डायरीत, सगळ्यांत मागच्या ‘टिपणे’ असे छापलेल्या पानावर, शाई फुटलेल्या अक्षरांत ओळी असतात: स्पर्धा परीक्षा, पुण्यात स्वतःचा फ्लॅट, पेटी शिकणे, गावाकडच्या घराची कौले बदलणे, नर्मदा परिक्रमा. फ्लॅटपुढे बरोबरची खूण असते, परीक्षेवर आडवी रेघ असते, आणि पेटीच्या ओळीखाली निरनिराळ्या शायांत दोन-तीनदा अधोरेखन केलेले दिसते. असा कागद थकबाकीची नोंद म्हणून वाचण्यापेक्षा, इतिहासाचा अभ्यासक एखादे जुने पत्र वाचतो त्या रीतीने, म्हणजे तो कोणी, कोणत्या परिस्थितीत आणि कोणाच्या डोळ्यांसमोर लिहिला हे विचारत वाचणे अधिक फलदायी ठरते.

कोणी लिहिला, हा प्रश्न दिसतो तितका सोपा नाही. जोर्डी क्वाडबाख, डॅनियल गिल्बर्ट आणि टिमोथी विल्सन यांनी २०१३ मध्ये अठरा ते अडुसष्ट या वयोगटातील एकोणीस हजारांहून अधिक लोकांच्या अभ्यासातून ज्याला ‘इतिहास संपल्याचा भ्रम’ म्हटले, तो असा: गेल्या दहा वर्षांत स्वतःत पुष्कळ बदल झाला हे माणसाला मान्य असते, मात्र पुढच्या दहा वर्षांत आवडीनिवडी आणि मूल्ये फारशी बदलणार नाहीत असे त्याला प्रत्येक वयात वाटते. पंचविशीत यादी करणारा तरुण ती साठीतल्या ज्या माणसाच्या नावे करतो, त्याला तो ओळखतच नसतो. आणि साठीतला माणूस त्या अनोळखी तरुणाला जबाब देण्याची धडपड करतो, यात थोडा विनोदही आहे.

कोणाच्या डोळ्यांसमोर लिहिला, हा प्रश्न अधिक खोल जातो. टोरी हिगिन्स या मानसशास्त्रज्ञाने १९८७ मध्ये माणसाच्या मनातील स्वतःच्या तीन प्रतिमा वेगळ्या केल्या: प्रत्यक्ष स्व, म्हणजे तो जसा आहे तसा, आदर्श स्व, म्हणजे त्याला व्हावेसे वाटते तसा, आणि कर्तव्य स्व, म्हणजे त्याने जसे असायला हवे असे तो स्वतः किंवा त्याची माणसे मानतात तसा. मराठी मध्यमवर्गीय घरात शेवटच्या दोन प्रतिमांची सरमिसळ लहानपणापासूनच होते. ‘सरकारी नोकरी लागू दे, मग काय ते गाणे-बिणे’ या वाक्यात कर्तव्याने इच्छेला दिलेली तारीख असते आणि ती तारीख पुढे पुढे ढकलली जाते. थॉमस गिलोविच आणि शाय डेव्हिडाय यांच्या २०१८च्या संशोधनात असे दिसले की आयुष्यातील सर्वांत मोठी खंत सांगताना बहुसंख्य लोक चुकलेले कर्तव्य न सांगता न साधलेला आदर्श सांगतात, आणि त्याचे एक कारण असे की कर्तव्यातील चूक टोचते म्हणून माणूस ती लवकर निस्तरतो, तर राहिलेल्या इच्छेसाठी कोणीच दार ठोठावत नाही. डायरीतील कौले म्हणूनच बहुधा बदलली जातात, कारण पाऊस आणि भाऊबंद दोघेही तगादा लावतात; पेटी शिकली नाही म्हणून घर गळत नाही.

काही ओळींना वयाची अट असते आणि तेथे भावनेपेक्षा नियम बलवान ठरतो. कैलास-मानसरोवरच्या शासकीय यात्रेसाठी सत्तरीची मर्यादा आहे. स्पर्धा परीक्षांची दारे त्याच्या कितीतरी आधी मिटतात. नर्मदा परिक्रमेला अशी अट नाही, परंतु सुमारे १३०० किलोमीटर लांबीच्या नदीच्या दोन्ही काठांनी चालण्याची रूढ मुदत तीन वर्षे, तीन महिने आणि तेरा दिवस सांगितली जाते, आणि गुडघ्यांचे मत विचारल्याशिवाय ती ओळ शिल्लक ठेवण्यात अर्थ नसतो. मॉन्ट्रियलमधील मानसशास्त्रज्ञ कार्स्टन व्रॉश यांनी आपल्या सहकाऱ्यांसह २००३ पासून ध्येयत्यागाचा, म्हणजे आवाक्याबाहेर गेलेल्या उद्दिष्टातून प्रयत्न आणि मन दोन्ही काढून घेण्याच्या क्षमतेचा, अभ्यास केला. ज्यांना हे जमते आणि जे दुसऱ्या उद्दिष्टाकडे वळतात त्यांचे मानसिक स्वास्थ्य तुलनेने चांगले आढळते. ‘सोडून दिले’ या शब्दांना मराठीत पराभवाचा वास येतो खरा, पण वारीहून किंवा काशीहून परतल्यावर एखादे फळ किंवा भाजी सोडण्याची चाल याच समाजात आहे, आणि तेथे सोडणे हे हरणे मानले जात नाही.

इच्छा जुन्या यादीतूनच यावी असाही नियम नाही. पु. ल. देशपांडे पन्नाशीच्या सुमारास बंगाली शिकण्यासाठी शांतिनिकेतनात जाऊन राहिले, आणि त्या मुक्कामातून ‘वंगचित्रे’ हे पुस्तक आले. तोवर त्यांच्या खात्यावर इतके जमा होते की नव्या लिपीची बाराखडी गिरवायला बसण्याची त्यांना काही गरज नव्हती. धोंडो केशव कर्वे यांचे उदाहरण याहून विलक्षण आहे. १८५८ मध्ये जन्मलेले कर्वे १९१४ मध्ये फर्ग्युसन महाविद्यालयातून निवृत्त झाले आणि त्यांचे ‘आत्मवृत्त’ १९१५ मध्ये प्रसिद्ध झाले. सत्तावन्नाव्या वर्षी, विधवांसाठीचा आश्रम उभा राहिलेला असताना, आयुष्याचा हिशेब लिहून काढणे हे त्या काळातील आयुर्मान पाहता अवेळी म्हणता येणार नाही. त्याच सुमारास जपानमधील महिला विद्यापीठाची माहिती देणारी एक पुस्तिका त्यांच्या वाचनात आली, १९१५च्या डिसेंबरात सामाजिक परिषदेच्या अध्यक्षपदावरून त्यांनी तशा विद्यापीठाची कल्पना मांडली, आणि १९१६ मध्ये मूठभर विद्यार्थिनींना घेऊन ते सुरू झाले. त्यानंतर कर्वे आणखी ४६ वर्षे जगले. १९१५च्या त्या पुस्तकात मुरूडचे बालपण आहे, हिंगण्याचा आश्रम आहे. विद्यापीठाचे प्रकरण नाही, कारण ते अजून घडायचे होते.