घरांतील चित्रपटगृह : कोणीं कोठें बसावें ?

आजच्या भाषणाचा विषय ऐकून आपल्यापैकीं कांहींना हसूं येईल. घरांत बसून चित्रपट पाहावयाचा, आणि त्यासाठीं कोणीं कोठें बसावें याचा एवढा खल करावयाचा, यांत तें शास्त्र कसलें ? परंतु टिटवाळ्यासारख्या गांवीं राहणाऱ्यास हा प्रश्न तितका पोरकट वाटणार नाहीं. आम्हांस नाटक पाहावयाचें तर कल्याणच्या आचार्य अत्रे रंगमंदिरांत किंवा ठाण्याच्या गडकरी रंगायतनांत जावें लागतें, आणि शेवटचा अंक रंगांत येतो न येतो तोंच मन कसाऱ्याकडे जाणाऱ्या रात्रीच्या गाडीकडे धांवूं लागतें. म्हणून काळू नदीकांठच्या या गांवांत ज्या नव्या इमारती उठल्या, त्यांतील कांहीं हौशी कुटुंबांनीं एक खोली, बहुधा दहा फूट रुंद व बारा फूट लांब, या एकाच कामासाठीं राखून ठेविली आहे. तिला तीं ‘होम थिएटर’ म्हणतात. पडदा पारखून आणतात, ध्वनिवर्धक चार दुकानें हिंडून आणतात; बसण्याची व्यवस्था मात्र फर्निचरवाला ठरवितो. येथेंच घोटाळा होतो.

प्रथम एक मौज पाहा. नाट्यगृहांत पुढच्या रांगेचें तिकीट सर्वांत महाग. चित्रपटगृहांत तेंच सर्वांत स्वस्त. दादासाहेब फाळके यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ ३ मे १९१३ रोजीं गिरगांवांतील कॉरोनेशन चित्रपटगृहांत लागला, आणि पुढें तंबूंतला सिनेमा जत्रेजत्रेंतून गांवोगांव हिंडला. त्या तंबूंत पडद्याजवळ जमिनीवर बसणारा थोडे पैसे देई, व मागें खुर्चीवर बसणारा अधिक. असें कां ? नट हा आपल्याएवढाच मनुष्य; त्याच्या मुद्रेवरील भाव टिपावयाचे तर जवळ गेलें पाहिजे. पडद्यावरील मुख मात्र दहापट मोठें असतें. त्याच्या जवळ गेलें कीं मान मोडते आणि चित्र एका दृष्टिक्षेपांत मावत नाहीं. घरचें चित्रपटगृह हें या बाबतींत नाटकाचें नव्हे, तंबूचें भावंड आहे.

मग किती जवळ, किती दूर ? याचें उत्तर फुटांत नाहीं, कोनांत आहे. आपल्या डोळ्यापासून पडद्याच्या डाव्या व उजव्या कडेपर्यंत दोन रेषा काढल्या, तर त्यांच्यामध्यें जो कोन होतो तो तीस अंशांच्या आसपास असावा, आणि फार तर चाळीस अंशांपर्यंत जावा. चित्रपटाच्या व्यवसायांतील अभियंते हेंच प्रमाण सांगतात. मुलांच्या कंपासपेटींतील कोनमापक व दोन दोऱ्या घेतल्या कीं हें कोणासही मोजतां येईल. ज्यांना दोऱ्यांचा कंटाळा, त्यांनीं एवढेंच ध्यानांत ठेवावें कीं पडद्याच्या रुंदीच्या दुपटीहून किंचित् कमी अंतरावर तीस अंश होतात, आणि सव्वापट व दीडपट यांच्या साधारण मध्यावर चाळीस.

दुकानदार ज्याला पासष्ट इंची संच म्हणतो, त्याचे पासष्ट इंच म्हणजे कर्णाची लांबी, रुंदी नव्हे. असा पडदा सुमारें पावणेपांच फूट रुंद व दोन फूट आठ इंच उंच असतो. म्हणजे साडेसहा फुटांवर चाळीस अंश, पावणेनऊ फुटांवर तीस. बारा फूट लांबीच्या खोलींत पहिली रांग साडेसहा फुटांवर व दुसरी साडेनऊ फुटांवर बसविली, तर मागच्यांस अठ्ठावीस अंश मिळतात. हें वाईट नाहीं, आणि त्यांच्या पाठीमागें भिंतीपर्यंत अडीच फूट मोकळेही राहतात.

पण खरी अडचण पुढेंच आहे. मागच्याला पुढच्याचें डोकें आड येतें, त्याचें काय ? खुर्चीवर बसलेल्या मनुष्याचे डोळे जमिनीपासून सुमारें पावणेचार फुटांवर असतात, आणि डोळ्यांवर टाळूपर्यंत आणखी साडेचार इंच. दोन्ही रांगा सारख्याच उंचीच्या खुर्च्यांच्या ठेविल्या, तर पुढच्या मस्तकाच्या आड पडद्याची एक उभी पट्टी खालपासून वरपर्यंत नाहींशी होते. यावर उपाय म्हणून मागच्या रांगेखालीं लांकडी ओटा करण्याची टूम निघाली आहे. हिशेब केला तर वरील खोलींत तो ओटा जवळजवळ दीड फूट उंच करावा लागतो. साडेनऊ फुटांचें छत, त्याखालीं लोंबणारा पंखा, आणि दीड फूट ओट्यावर उभा राहून आळस देणारा घरचा तरुण मुलगा, हें चित्र डोळ्यांपुढें आणा. मोठ्या चित्रपटगृहांत जें शोभतें, तें दहा बाय बाराच्या खोलींत संकट होऊन बसतें.

आणि गंमत अशी कीं या संकटाचें उत्तर आमच्या घरांत पूर्वींपासून होतें. २५ जानेवारी १९८७ रोजीं दूरदर्शनवर ‘रामायण’ मालिका सुरू झाली. त्या काळच्या रविवारच्या सकाळीं ज्यांना आठवत असतील, त्यांनीं तें दृश्य पुन्हां मनांत आणावें. सबंध वाड्यांत किंवा चाळींत संच एखाद्याच घरीं असावयाचा. पुढें सतरंजीवर मुलें, त्यांच्यामागें पाटावर वा चटईवर बायका, मग खाट किंवा दिवाण, त्यामागें खुर्च्या, आणि सर्वांच्या मागें दाराच्या चौकटींत व खिडकीबाहेर उभीं राहिलेलीं माणसें. कोणीं आराखडा काढला नव्हता. तरी जमीन, पाट, खाट, खुर्ची आणि उभा मनुष्य अशा पांच पायऱ्या आपोआप पडत, आणि खिडकीबाहेरच्यालाही रामाचें दर्शन होई.

हीच रीति मोजून पाहूं. जमिनीवर पातळ गादी टाकून, पाठीशीं लोड घेऊन बसलेल्याचे डोळे सुमारें अडीच फुटांवर येतात. मस्तक तीन फुटांच्या आंतच संपतें. पडद्याची खालची कड जमिनीपासून दोन फुटांवर ठेवा. आतां मागें साध्या खुर्चीवर बसलेल्याच्या डोळ्यापासून त्या कडेपर्यंत रेषा ओढली, तर ती पुढच्या बैठकीवरून तीन फूट दोन इंचांवरून जाते. म्हणजे मस्तकाच्या वर तीन इंच मोकळे. ओटा नको, सुतार नको. पुढें गादी-लोड आणि मागें खुर्च्या, एवढ्यानें दोन्ही रांगा पाहतात. गादी-लोड हें गरिबाचें लक्षण आणि लांब पसरणारी गुबगुबीत खुर्ची हें श्रीमंतीचें, अशी जी समजूत रूढ होत आहे तिच्याशीं माझें जमत नाहीं. त्या पसरणाऱ्या खुर्चीला, जिला दुकानांत ‘रिक्लायनर’ म्हणतात, सुमारें तीन फूट रुंदी व उघडल्यावर पांच-साडेपांच फूट लांबी लागते. दहा फुटांत तशा तीन मांडल्या कीं चालावयास वाट एका फुटाची. आणि घरांत माणसें सहा !

आमच्या परिचयाच्या एका घरीं नेमकें असेंच झालें. तीन खुर्च्या आल्या. वडील, मुलगा व सून तींवर बसूं लागले. नातवंडें मध्यें कोठें तरी. आजीबाई मागें भिंतीला टेकून एका स्टुलावर. आठवडाभरांत त्या, “मला झोंप येते, तुम्ही पाहा,” असें म्हणून लवकर आंत जाऊं लागल्या. घरच्यांस वाटलें, वय झालें. वस्तुतः त्यांना झोंप येत नव्हती, त्यांना बोलणें समजत नव्हतें, आणि दर दोन मिनिटांनीं “काय म्हणाला तो?” असें विचारण्याचा त्यांना संकोच वाटत होता.

हें नीट समजून घेण्याजोगें आहे. म्हातारपणीं कान सगळाच मंद होतो असें नव्हे. प्रथम उंच स्वर ऐकूं येईनासे होतात. स, श, फ, ख यांसारख्या व्यंजनांची ओळख त्या उंच स्वरांतच असते. त्यामुळें आवाज ऐकूं येतो, शब्द कळत नाहीं. अशा वेळीं आवाज वाढविला तर ढोल अधिक मोठा होतो, शब्द मात्र तसाच राहतो. शिवाय लांब बसलें कीं भिंतींवरून परतणारे पडसाद मूळ शब्दांत मिसळतात व उरलासुरला स्पष्टपणाही घालवितात. म्हणून ज्याला कमी ऐकूं येतें त्याची जागा मागें नव्हे, पुढें.

पण त्याच माणसाचे गुडघे त्याला गादीवर बसूं देत नाहींत, आणि पुढें खुर्ची मांडली तर मागच्याचा पडदा झांकतो. त्या घरीं यावर जो तोड काढला तो मला पसंत पडला. पुढच्या रांगेंत अगदीं मध्यें नव्हे, तर दाराच्या बाजूच्या टोकाला हातांची एक साधी खुर्ची ठेविली, किंचित् पडद्याकडे वळवून. तिच्या मागें कोणाचेंही आसन ठेविलें नाहीं. तेथें दारापर्यंत दोन-अडीच फुटांची वाट ठेविली. आजींना शब्द जवळून मिळूं लागले, रात्रीं उठावयाचें झालें तर कोणाचे पाय ओलांडावे लागत नाहींत, आणि त्यांच्या पाठीमागें त्यांच्या डोक्याला नांवें ठेवणारा कोणी नाहीं. तीन मोठ्या खुर्च्यांपैकीं दोन पुढें बैठकीच्या खोलींत गेल्या. एक कान दुसऱ्याहून चांगला असेल, तर खुर्ची कोणत्या टोकाला ठेवावी हें त्या कानाला विचारून ठरवावें. चांगला कान ध्वनिवर्धकांकडे यावा.

आवाजाविषयीं आणखी थोडें. ध्वनि सेकंदाला सुमारें ३४३ मीटर जातो. बारा फुटांच्या खोलींत समोरासमोरच्या भिंतींमध्यें सेकंदाला सत्तेचाळीस कंपनांचा खर्ज स्वर एका जागीं घुमत राहतो. भिंतीला डोकें टेकून बसणाऱ्याला तो बेसुमार मोठा लागतो. खोलीच्या बरोबर मध्यावर तो जवळजवळ नाहींसा होतो. म्हणून मागची रांग भिंतीला चिकटवूं नये, आणि मागच्या भिंतीवर जाड पडदा किंवा, खरें सांगावयाचें तर, आईच्या हातची एखादी वजनदार गोधडी टांगावी. ती खर्ज थोपवीत नाहीं, पण शब्दांचे पडसाद चांगले गिळते. आमच्या आराखड्यांतील पुढची बैठक मध्यापासून जवळ पडते, तेव्हां तिला खर्जांत थोडा तोटा होतोच. तेथें बहुधा मुलें असतात, त्यांची तक्रार अजून माझ्यापर्यंत आलेली नाहीं.

पडदा उंच टांगण्याची मात्र सक्त मनाई समजावी. देवाच्या तसबिरीप्रमाणें तो पांच-सहा फुटांवर लावलेला मीं अनेक घरीं पाहिला आहे. तसबिरीपुढें आपण क्षणभर मान वर करतों; चित्रपट अडीच तासांचा असतो.

कांहीं विकत घेण्यापूर्वीं एक रविवार खर्च करावा. पडद्याच्या मापाचा जुना कागद भिंतीला चिकटवावा, जमिनीवर वर्तमानपत्रें पसरून त्यांवर खडूनें प्रत्येकाची जागा आंखावी, घरांत असलेल्या गाद्या व खुर्च्या तेथें मांडाव्या. मग घरांत जो संच असेल त्यावर, सर्वांना आपापल्या जागीं बसवून, एक सबंध चित्रपट लावावा. मध्यंतरांत घरांतील सर्वांत वृद्ध माणसाला गोष्ट काय झाली तें विचारावें. त्यांनीं ती सांगितली तर मांडणी ठीक. नाहीं तर खडू पुसून त्यांची खुर्ची आणखी एक फूट पुढें घ्यावी, आणि उरलेला चित्रपट सुरू करावा.