काट्यावर चढण्याआधी

कुपोषण म्हटले की कोल्हापूरकराच्या डोळ्यांसमोर मेळघाट येतो, फार तर नंदुरबार. आपल्याकडे दूध आहे, गूळ आहे, तालमीत बदामाची थंडाई घोटली जाते. आपला प्रश्न असलाच तर तो मधुमेहाचा, असा एकूण समज. सरकारी कारभारातही ही फाळणी पक्की आहे. अंगणवाडीतला वजनकाटा एका खात्याचा आणि दवाखान्यातली रक्तातली साखर मोजण्याची पट्टी दुसऱ्याची. माणसाच्या वाढीचा अभ्यास करणाऱ्यांनी गेल्या तीस वर्षांत जे पुढे आणले, त्यातून ही फाळणीच खोटी ठरते. रोडावलेले मूल आणि पन्नाशीतला मधुमेही हे बऱ्याचदा एकाच गोष्टीचे दोन टप्पे असतात, आणि त्या गोष्टीची सुरुवात मूल काट्यावर चढण्याच्या पुष्कळ आधी झालेली असते. हे खरे असेल, तर आपला सार्वजनिक पैसा आज ज्या वयावर खर्च होतो, त्याच्या आधीच्या वयाकडे तो वळायला हवा.

याचा सर्वांत भक्कम पुरावा परदेशातून आलेला नाही, पुण्याजवळच्या सहा गावांतून आला आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1993 मध्ये तिथे माता-पोषणाचा अभ्यास सुरू केला. स्त्री गरोदर राहिल्यावर तिला गाठायचे नाही, त्याआधीच तिची उंची-वजने मोजून ठेवायची, ही त्याची खरी हुशारी. जवळजवळ अडीच हजार विवाहित स्त्रियांची नोंद झाली आणि त्यांतली सुमारे 800 गर्भारपणे बारकाईने पाहिली गेली. या स्त्रियांची सरासरी उंची 152 सेंटिमीटर आणि गरोदरपणाआधीचे वजन सुमारे 42 किलो. त्यांची बाळे सरासरी 2.7 किलोची, तर इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनची 3.5 किलोची. इथपर्यंत धक्का बसण्यासारखे काही नाही. पण बाळाचा कोणता भाग किती लहान, हे मोजले तेव्हा चित्र पालटले. स्नायू कमी, पोटातील अवयव लहान. पाठीवरच्या त्वचेखालची चरबी मात्र इंग्रज बाळाच्या जवळपास. दिसायला किडकिडीत आणि आतून तुलनेने चरबीयुक्त असे हे भारतीय बाळ. स्नायू साखर वापरतात आणि चरबी इन्सुलिनच्या कामात अडथळा आणते; म्हणजे मधुमेहाची वाट जन्मापूर्वीच आखली जात होती. वजनकाटा यातले काहीच सांगत नाही. तो फक्त 2.7 असा आकडा दाखवतो.

मग आईने काय खाल्ले तर फरक पडतो? सरळसोट उत्तर ‘जास्त खाल्ले तर’ असे असायला हवे होते, तसे ते निघाले नाही. या अभ्यासात आईने खाल्लेल्या एकूण उष्मांकांपेक्षा किंवा प्रथिनांपेक्षा हिरव्या पालेभाज्या, फळे आणि दूध यांचा बाळाच्या आकारमानाशी अधिक ठळक संबंध दिसला. गरोदरपणी जड कष्ट करणाऱ्या स्त्रियांची बाळे लहान होती. निम्म्याहून जास्त स्त्रियांत ब-12 जीवनसत्त्वाची कमतरता आढळली. ज्यांच्या रक्तात ब-12 कमी आणि फोलेट (म्हणजे फॉलिक आम्ल) जास्त होते, त्यांच्या मुलांत सहाव्या वर्षी इन्सुलिनला सर्वाधिक विरोध दिसला. आपण गरोदर बाईला लोह आणि फॉलिक आम्लाच्या गोळ्या वाटतो, त्या वाटायलाच हव्यात. पण त्यांच्या जोडीला ब-12 चे काय, हा प्रश्न धोरणापुढे पुण्याच्या या गावांनी ठेवला.

असा संबंध दिसणे म्हणजे कारण सिद्ध होणे नव्हे, हा आक्षेप रास्त आहे आणि त्यासाठी प्रयोगच करावा लागतो. तो मुंबईच्या झोपडपट्ट्यांत 2006 पासून डॉ. रमेश पोतदार आणि सहकाऱ्यांनी केला. साडेसहा हजार स्त्रियांपैकी एका गटाला पालेभाजी, फळे आणि दूध घातलेला खाऊ रोज दिला, दुसऱ्या गटाला या घटकांचे प्रमाण कमी असलेला. सर्व बाळांची सरासरी काढली तर वजनात फरक दिसला नाही. गर्भधारणेच्या किमान तीन महिने आधीपासून ज्यांनी खाऊ घेतला, त्यांच्या बाळांचे वजन मात्र सरासरी 48 ग्रॅमने वाढले, आणि खाऊच्या गटात गरोदरपणातला मधुमेह जवळजवळ निम्म्यावर आला. 48 ग्रॅम म्हणजे किती, असे कुणी हिणवेल. एका बाळासाठी ते नगण्यच. हजारो बाळांची सरासरी तेवढी सरकली तर अगदी खालच्या टोकाला अडकलेल्यांची संख्या कमी होते. पण या प्रयोगातला सर्वांत बोलका निकाल वेगळाच आहे. मुळात हडकुळ्या असलेल्या स्त्रियांच्या बाळांना या खाऊचा लाभ जवळजवळ झालाच नाही. त्यांच्या बाबतीत गर्भधारणेच्या तीन महिने आधी पोहोचणे हाही उशीरच होता.

आता आपल्या योजनांचे वेळापत्रक याशेजारी ठेवून पाहावे. आदिवासी भागासाठी राज्याने 2015 मध्ये आणलेली डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम अमृत आहार योजना चांगलीच आहे. पण तिचे ताट गरोदरपणाच्या शेवटच्या तीन महिन्यांत समोर येते. पोषणाच्या बहुतेक योजनांत बाई मोजली जाते ती गरोदर म्हणून नोंद झाल्यावर. त्याआधीच्या वयासाठी असलेली केंद्राची किशोरी योजना आक्रसत गेली. ती आता ईशान्येकडील राज्ये आणि आकांक्षित जिल्हे यांपुरती उरली आहे. महाराष्ट्रातले असे चार जिल्हे म्हणजे नंदुरबार, गडचिरोली, वाशीम आणि धाराशिव. कोल्हापूरची पंधरा वर्षांची मुलगी त्यात बसत नाही, कारण तिचा जिल्हा ‘पुढारलेला’ आहे. जिल्ह्याचे एकूण मागासलेपण पाहून ठरवलेली ही सीमा वाढीच्या शास्त्राला धरून नाही.

यावर पहिला मोठा आक्षेप येतो तो रक्ताचा: आपली माणसे जात्याच बुटकी, त्यांना परदेशी मोजपट्टी कशाला? अर्थतज्ज्ञ अरविंद पनगढिया यांनी 2013 मध्ये हाच मुद्दा जोरकसपणे मांडला होता. मोजपट्टी बदलली की आकडे बदलतात, हे नाकारण्यात अर्थ नाही. 2005-06 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीतली देशातली तीन वर्षांखालची तीच मुले जुन्या अमेरिकी निकषाने 46 टक्के कमी वजनाची ठरली आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या 2006 च्या निकषाने 40 टक्के. उंचीने खुरटलेली मात्र 38 वरून 45 टक्क्यांवर गेली. पण हा नवा निकष एका देशाच्या मुलांवरून काढलेला नाही. ब्राझील, घाना, नॉर्वे, ओमान, अमेरिका आणि आपली दिल्ली इथली, नीट खाणारी-पिणारी मुले मोजून तो तयार झाला. त्यांच्या लांबीतल्या एकूण फरकापैकी देशादेशांतला वाटा जेमतेम 3 टक्के निघाला. दिल्लीतल्या सुस्थितीतल्या घरांतली मुले लहान वयात इतर देशांतल्या मुलांसारखीच वाढत असतील, तर सगळा दोष रक्तावर टाकता येत नाही. एका पिढीत पूर्ण उंची गाठता येत नाही, एवढे त्या आक्षेपातले खरे; कारण आईची उंची तिच्या बालपणातच ठरून गेलेली असते.

दुसरा आक्षेप अधिक अवघड: मुले अशी चरबीकडे झुकलेली असतील तर त्यांना जास्त खाऊ घालून आपण मधुमेहच वाढवणार नाही का? दिल्लीत 1969 ते 1972 दरम्यान जन्मलेल्या मुलांचा तिशीपर्यंत पाठपुरावा झाला, त्यातून उत्तर मिळते. ज्यांच्या रक्तातली साखर पुढे बिघडली, ती दोन वर्षांपर्यंत बहुधा बारीक होती आणि त्यानंतर भराभर अंगाने भरत गेली. म्हणजे दोन वर्षांच्या आत वजन वाढवणे आणि आठव्या वर्षी वजन वाढवणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ‘पोराने बाळसे धरले’ याचे कौतुक पहिल्या दोन वर्षांत करावे, त्यानंतर जरा जपून. शाळेत मुलाचे वजन भरपूर आहे म्हणून समाधान मानण्याऐवजी उंचीच्या मानाने ते कसे सरकते आहे, हे पाहायला हवे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथके शाळांत जातात, उंची-वजन मोजले जाते. पण लागोपाठच्या दोन वर्षांचे आकडे शेजारी ठेवल्याशिवाय त्या मोजमापाचा उपयोग अर्धाच.

निर्णय वयाप्रमाणे बदलला तर आकडे हलतात का? महाराष्ट्राने 2005 मध्ये राजमाता जिजाऊ माता-बाल आरोग्य व पोषण मिशन स्थापन केले आणि पुढे गर्भधारणेपासून दोन वर्षांपर्यंतच्या पहिल्या हजार दिवसांवर भर दिला. दोन वर्षांखालील मुलांतले खुरटलेपण 2005-06 मधील 39 टक्क्यांवरून 2012 पर्यंत 24 टक्क्यांच्या आसपास उतरले. सगळे श्रेय मिशनचे नाही. त्याच काळात मिळकत आणि मुलींचे शिक्षणही वाढले. पण पाच वर्षांखालील मुलांचा आकडा 2015-16 मध्ये 34 टक्के होता आणि 2019-21 मध्ये 35. गाडी तिथेच अडली. मुलांकडे लक्ष देऊन जेवढे साधायचे तेवढे बऱ्याच अंशी साधले, उरलेले आईच्या अंगातच अडकले आहे, असा याचा अर्थ मला दिसतो. 2019-21 च्याच राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत राज्यातल्या 20 ते 24 वयाच्या स्त्रियांपैकी जवळजवळ 22 टक्क्यांची लग्ने अठराच्या आत झालेली होती. अंग पुरते भरण्याआधीच आईपण आले, की वाढत्या मुलीचे आणि पोटातल्या बाळाचे वाटे एकाच ताटातून निघतात. बाईकडे फक्त बाळाची वाहक म्हणून पाहण्याचा धोका या मांडणीत आहे, हे खरे. म्हणूनच मुलीच्या पोषणाची योजना तिच्या होणाऱ्या बाळावर टांगू नये. ते तिचे स्वतःचे येणे आहे, बाळाला होणारा लाभ वरकड.

कोल्हापुरात हा प्रश्न डोळ्यांसमोर उभा राहतो तो गळीत हंगामात. बीड आणि मराठवाड्याच्या इतर भागांतून ऊसतोडीची जोडपी येतात. नवरा-बायको मिळून एक कोयता, म्हणून लग्नही लवकर उरकले जाते. फडात वाकून तोडणी, डोक्यावर मोळी, कोपीत चूल, आणि पुष्कळदा गर्भारपण याच पाच-सहा महिन्यांत. पुण्याच्या अभ्यासात बाळाच्या लहान आकारमानाशी जोडलेल्या दोन्ही गोष्टी, जड कष्ट आणि पालेभाजी-दूध-फळांचा अभाव, इथे एकत्र नांदतात. तेही राज्यातल्या नावाजलेल्या दूध-जिल्ह्यात. ऊसतोड करणाऱ्या बाईची नोंद तिच्या गावच्या अंगणवाडीत, ती स्वतः इथे. गावाकडची सेविका तिला स्थलांतरित दाखवते आणि इथल्या यादीत ती येतेच असे नाही. ऊसतोड कामगार कल्याण महामंडळासाठी कारखान्यांकडून टनामागे दहा रुपये घेण्याचे ठरले आहे. त्यातला एक वाटा फडावरच्या बायकांना आणि कोपीत राहणाऱ्या किशोरवयीन मुलींना रोज दूध, फळ आणि पालेभाजी देण्यासाठी बांधून ठेवता येईल, आणि तो हंगामाच्या पहिल्या दिवसापासून, गरोदर असल्याचा दाखला न मागता द्यावा लागेल.